सत्यवतीने बँक बदलली

गोव्यातल्या मांद्र्याच्या सत्यवतीला ओळखत नाही असं घर जुनसवाड्यापासून पार्श्यापर्यंत शोधूनही सापडायचं नाही. तिची पहिली ओळख म्हणजे तिचा आवाज. स्कूटर अजून वळणावर असते, तोवर आवाज पुढे येऊन दारात उभा राहिलेला असतो. "बांगडेऽऽ, तारलेऽऽ, आज लेपोय आसा गोऽऽ!" मग आधी मांजरं उठतात आणि मांजरांच्या मागोमाग बायका.

वय सत्तेचाळीस, अंगाने बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शाळा तिसरीपर्यंत झाली, तीही पावसाळा सोडून. पण माशांचे वाटे लावायला बसली की तिची नजर तराजूला हरवते. आधी चौदा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन पायी फिरली, आता सात वर्षं स्कूटरवर आहे. मागे थर्माकोलची पेटी, पुढे पायांपाशी कोयता, आणि हँडलला टांगलेली ती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची पाटी. फोन तिच्यासमोर धरला की गिऱ्हाइकाचे पैसे सत्यवतीच्या खात्यात जातात. जोडीला एक बोलकी डबी. पैसे पोचले की डबीतली बाई खणखणीत सांगते, "साठ रुपये मिळाले."

नवरा दत्ताराम म्हणायचा, "ह्या घरात माझ्यापरस त्या डबीतल्या बायलेक मान जास्त."

"ती खरां बोलता," सत्यवती सांगायची, "आणि कामापुरतांच बोलता."

दत्ताराम पूर्वी रापणीला, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचा. पाठीचं दुखणं लागल्यापासून घरी बसून लोकांची जाळी सांधतो. माणूस शांत. घरात जे काही धाडस झालं ते सगळं सत्यवतीने केलेलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे मागच्या अंगणातली खोली.

त्याचं असं झालं. मांद्र्याला तेव्हा जो तो घरामागे खोली बांधत होता. परदेशी माणसं यायची, महिनामहिना राहायची, भाडं आगाऊ द्यायची. सत्यवतीने विचार केला की आपण काय पाप केलंय? मोठ्या बँकेतून खोलीसाठी कर्ज काढलं. फरशी आणि खुर्चीचा संडास यासाठी पतसंस्थेकडून आणखी थोडं. स्कूटर आधीच फायनान्स कंपनीची होती. खोली झाली, गुलाबी रंग लागला, खिडकीला पडदा आला. पहिली पाहुणी आली ती एक उंच, गोरी बाई. अकरा दिवस राहिली, फक्त केळी खाल्ली आणि रोज सकाळी अंगणात डोकं खाली पाय वर करून उभी राहिली. कोंबड्यांनी घाबरून अंडी द्यायची बंद केली. ती गेली आणि पाठोपाठ ते आजाराचं वर्ष आलं. सगळं जग घरात बसलं. जग पुन्हा बाहेर पडलं तेव्हा पाहुण्यांना पोहायचा हौद हवा होता. सत्यवतीकडे हौद होता, पण तो मासे धुवायचा.

आता त्या गुलाबी खोलीत जाळी आहेत. संडासाच्या झाकणावर दत्तारामाने दोऱ्याची रिळं रचून ठेवलीत, आणि पडद्यामागे एक कोंबडी अंडी उबवते. तीच काय ती भाडेकरू.

कर्ज मात्र राहिलं. एकाचं द्यायला दुसऱ्याकडून, दुसऱ्याचं द्यायला तिसऱ्याकडून, असं करता करता ते वाढलं. फोन यायला लागले. फोनवरची माणसं सुरुवात "नमस्कार मॅडम"ने करायची आणि शेवटाला भलतंच बोलायची. सत्यवती फोन घेऊन माडापलीकडे जायची आणि परत येऊन पुन्हा त्याच आवाजात "बांगडेऽऽ" म्हणायची. गिऱ्हाइकांपैकी एकालाही तिने कळू दिलं नव्हतं. अभिमान होताच, पण अभिमानाहून मोठी गोष्ट धंद्याची होती. मासे विकणारीला पैशांची नड आहे हे एकदा कळलं की दुपारी बारानंतर बायका दारं लावून बसतात. हिला आज विकायचंच आहे, मग उशिरा बाहेर येऊ, अर्ध्या दराने देईल. हे सत्यवतीने दुसऱ्या एका बाईच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी ती पेडण्याला गेली. वह्यापेनांच्या दुकानावर माडीवर एक कर्जसल्ला केंद्र होतं. तिथे गौरवी नावाची पोरगी बसायची. मूळची डिचोली तालुक्यातली, पाळीची. बापाचे दोन ट्रक खाणी बंद पडल्यावर अंगणातच गंजले होते, त्यामुळे हप्ता, थकबाकी, वसुली हे शब्द तिने लहानपणी घरातच ऐकलेले. तिने सत्यवतीची सगळी कागदं पिशवीतून काढून टेबलावर पसरली. कागदांना बांगड्यांचा वास होता. गौरवीने नाक मुरडलं नाही, तिथेच सत्यवतीला ती आवडली.

"मावशी, वर्षातून किती दिवस मासे विकत नाही?"

सत्यवती बोटं मोजायला लागली. "सोमवार. गुरुवार थोडे. एकादशी. श्रावण अख्खो. चवथीचे दिवस. आणि पावसातल्या मासेमारी बंदीचे दोन म्हयने, तेव्हा नुसता सुकां इकतंय."

गौरवीने ते सगळं लिहून घेतलं. आजवर कर्ज देणाऱ्या एकाही माणसाने कागदावर श्रावण लिहिला नव्हता.

पंधरा दिवसांनी तिने योजना करून दिली. तिन्ही जागी बोलून व्याज कमी करून घेतलं. आता तिघांना मिळून एकच हप्ता. दर महिन्याच्या दहा तारखेला साडेसात हजार, बंदीत आणि श्रावणात त्याचे निम्मे. एकूण हप्ते शेहेचाळीस. फोन बंद होणार होते.

"पण दोन गोष्टी नीट ऐका," गौरवी म्हणाली. "पहिला हप्ता चुकला तर सगळं मोडलं. तिघे परत आपापल्या वाटेने तुमच्या दारात. आणि दुसरी गोष्ट, बँक बदलायची."

"ती कित्याक? जुनी काय वायट?"

"वाईट नाही. पण तुम्ही तिचं देणं लागता. तुमचे मासे विकून आलेले पैसे त्या खात्यात पडले, की ती आधी आपली थकबाकी कापून घेते. मग दहा तारखेला तिघांना द्यायला उरणार काय? जिथे तुमचं एका पैशाचंही कर्ज नाही अशा बँकेत खातं काढा. हप्ता तिथून आपोआप जाईल."

"आणि जुनां बंद करूचां?"

"कर्ज फिटेपर्यंत ते बंद होत नाही. राहू दे. फक्त त्यात पैसे जाऊ देऊ नका."

फक्त त्यात पैसे जाऊ देऊ नका. ऐकायला किती सोपं वाटतं!

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सत्यवतीने गावातल्या छोट्या बँकेत खातं काढलं. तिथला ओंकार नावाचा कारकून वयाने लहान आणि जिवाला सुशेगाद, कशाचीच घाई नसलेला. सत्यवतीची सही दोनदा दोन प्रकारची आली, तर म्हणाला, "मावशे, तिसरी कर. त्यातली दोन जुळतली ती घेऊया." फोटोसाठी तिने पदर सारखा केला, कुंकू ठसठशीत केलं, आणि फोटोत डोळे मिटले. तोच फोटो पासबुकावर लागला. नवी पाटी आली, नवी डबी आली. जुनी डबी बंद करून तिने ती जुन्या पाटीसकट गुलाबी खोलीत ठेवून दिली.

शनिवार आणि रविवार, दोन दिवस धंदा झकास झाला. सुंगटं म्हणजे कोळंबी होती, मोरी मासा होता, पेटी दोन्ही दिवशी रिकामी झाली. फक्त एकच गोष्ट विचित्र होती. नवी डबी बोलत नव्हती. एकदोनदा बोलली आणि गप्प. सत्यवतीला वाटलं नवी आहे, लाजत असेल.

मंगळवारी, डिसेंबरच्या दोन तारखेला, ती पासबुक भरायला गेली. तीनेक हजार जमले असतील असा तिचा अंदाज. ओंकारने पासबुक यंत्रातून काढलं आणि वाचलं, "सहाशे चाळीस."

"नीट बघ रे बाबा."

"नीटच बघलंय. सहाशे चाळीस."

"मग माझी सुंगटां खंय गेली?"

ओंकारने डोकं खाजवलं, तिच्या फोनात पाहिलं आणि त्याला उमगलं. सुंगटं जुन्या बँकेने खाल्ली होती. झालं होतं असं. फोनातून एखाद्याला एकदा पैसे धाडले की त्या माणसाचं नाव फोनात राहतं. पुढच्या खेपेला पाटीकडे कोण बघतो? नावावर बोट ठेवलं की पैसे निघाले, जुन्याच वाटेने. सात वर्षांची गिऱ्हाइकं सगळी. प्रत्येकीच्या फोनात 'सत्यवती नुस्तेंवाली' म्हणून नाव कोरलेलं. त्यांनी नव्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तुझ्या एकेका गिऱ्हाइकाक सांगूक व्हया," ओंकार म्हणाला. "जुनां नाव काडून टाका आणि नवी पाटी टिपून घ्या म्हणान. नायतर नोटा घे."

नोटा! आजकाल कोणाच्या खिशात नोटा असतात? देवळातल्या पेटीपुढेसुद्धा लोक फोन काढतात.

एकतीस घरं. हातात आठ दिवस, त्यातले गुरुवार आणि सोमवार वजा, आणि त्यात हा मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे मासळीला कोणी शिवणारसुद्धा नाही. खात्यात साडेसात हजार पुरे करायचे होते आणि कोणाला कारण सांगायचं नव्हतं.

पहिलं घर वत्सलाकाकींचं. पार्श्याच्या वाटेवर त्यांचं घर, आणि घरापुढे बल्कांव, म्हणजे बसायचे ओटे असलेली पडवी. त्या बल्कांवातल्या खुर्चीवर बसून काकींनी चाळीस वर्षं रस्ता राखला होता. कोण कुठे गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, काकींना विचारा.

"नवी बँक कित्याक गो?" काकींनी फोन हातात धरूनच विचारलं. "जुनी चावली तुका?"

सत्यवतीच्या तोंडातून निघून गेलं, "थंयच्यो पायऱ्यो लय उंच, काकी. माझे गुडघे दुखतत."

"बांगडे घेऊन दिवसभर फिरतंस तेव्हा नाय दुखत?"

"तेव्हा स्कूटर दुखता," सत्यवती म्हणाली आणि तिने घाईघाईने काकींच्या फोनात नवी पाटी टिपून घेतली.

दुसरं घर सगुण मास्तरांचं. मास्तर निवृत्त, गणिताचे. खोटं बोलणाऱ्याचे कान त्यांना लांबून लाल दिसतात म्हणे. सत्यवतीने कान पदराखाली घेतले आणि सांगितलं, "नव्या बँकेत स्टीलचो डबो देतत, मास्तर. झाकणाचो."

"व्याज किती देतात ते विचारलंस?"

"डबो मोठो आसा," सत्यवती म्हणाली.

तिसरी शीतल. पेडण्याला एका कचेरीत नोकरीला, घाईची सून. मासे आठवडाभर उधारीवर घ्यायची आणि रविवारी एकदम पैसे धाडायची. तिला सत्यवतीने सांगितलं की जुन्या खात्याचा आकडा अपशकुनी आहे, भटांनी बदलायला सांगितला. शीतल फोनकडे बघत "बरां, बरां, मागीर करतंय" म्हणाली आणि गाडीत बसली.

आणि असं घरोघर. एका ठिकाणी जुन्या बँकेतला वारा तिला बाधतो, एका ठिकाणी पासबुक मांजराने नेलं. सत्यवतीला आयुष्यात इतकं खोटं बोलायची सवय नव्हती. मासा शिळा असेल तर ती शिळाच सांगायची. दोन दिवसांत ती इतकी थकली की रात्री दत्तारामाने विचारलं, "जेवलंस?" तर ती म्हणाली, "मांजरान नेलां."

आता गंमत बघा. वत्सलाकाकींच्या बल्कांवात सगळ्या वाटा येऊन मिळतात. संध्याकाळी कोणी फुलं न्यायला येतं, कोणी उगीच. एक म्हणाली गुडघे, दुसरी म्हणाली डबा, तिसरी म्हणाली भट. काकी ऐकत होत्या. एका बाईला एकाच गोष्टीची इतकी कारणं कधी लागतात? खरं कारण लपवायचं असतं तेव्हा. आणि पेडणे तालुक्यात आजच्या दिवसात माणूस गुपचूप नवी बँक कधी गाठतो? जमीन विकली की! विमानतळ झाल्यापासून दिल्लीची माणसं खडकसुद्धा विकत घेतात. सत्यवतीचं घर तर समुद्राजवळ.

काकी एवढंच म्हणाल्या, "माका काय, मी कोणाक सांगूक जाणय नाय."

शुक्रवारपर्यंत रक्कम दोन कोटींवर गेली होती.

सत्यवतीला ते कळलं उलट्या वाटेने. शुक्रवारी वत्सलाकाकींनी शंभराला सहा बांगडे बघून तोंड वाकडं केलं. "आठ घाल गो. तुका आता कित्याक इतके?" पुढच्या घरी तेच. शनिवारी शीतल वाटेत भेटली, तिच्याकडे साडेआठशे येणं होतं. "मावशे, म्हयन्याअखेर देतंय हां. तुका आता खंय घाई म्हणे."

म्हणे! सत्यवतीने तो शब्द धरला, पण कोण म्हणे ते विचारायच्या आत गाडी निघून गेली. सगुण मास्तरांसारखा माणूसही बाराशे द्यायचे विसरला, जो उधारीचा तारीखवार कागद खिशात बाळगतो. गेल्या आठवड्यात जे लोक रोजच्या रोज देत होते ते सुद्धा आता रमतगमत बोलत होते. श्रीमंत माणसाचे पैसे द्यायला कोणाला घाई असते?

उलगडा दत्तारामाने केला. शनिवारी दुपारी तो चहाच्या हॉटेलातून परत आला तो हसू दाबतच. "माका विचारतत, कितीक गेली?"

"काय गेली?"

"आपली जमीन. दोन कोटीक म्हणे. दिल्लीवाल्याक."

सत्यवती कोयता पुसत होती, ती थांबली. "आपली जमीन? आपल्या अंगणात जाळां पसरलां तर अर्धां शेजाऱ्याकडे जाता!"

"ताच मी सांगलंय. तर म्हणतत, बघ कसो लपयता."

ओंकारकडे ती त्या सकाळीच जाऊन आली होती. खात्यात एकतीसशे. हातात रविवार आणि मंगळवार. गिऱ्हाइकांकडे येणं जवळजवळ पाच हजार, आणि तिला कोटी मिळालेत म्हणून कोणी द्यायला तयार नाही. ती पायरीवर बसली.

"सांगून टाक," दत्ताराम म्हणाला.

"काय सांगू? रीण आसा म्हणान? उद्यापासून धा रुपयाक बांगडो मागतले."

"आणि आज किती देतत?"

शंभराला आठ तर ती देऊनच बसली होती. गरीब ठरलं तर दर पडतो म्हणून ती इतकी वर्षं भ्यायली, आणि आता श्रीमंत ठरली तर दर पडलाच, वर उधारीही बुडायची पाळी. ती दत्तारामावर रागावली, कारण तो बरोबर होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो जाळं सांधायला गेला होता.

रविवारी पार्श्याच्या पिंपळाखाली सत्यवतीची स्कूटर लागली. रविवारी लोक घरी थांबत नाहीत, ताजं मिळावं म्हणून पिंपळापर्यंत येतात. त्या दिवशी पंधरा-वीस जणी होत्या. वत्सलाकाकी छत्री टेकत आल्या. शीतल रविवारच्या सुटीची, केस मोकळे. मास्तर कापडी पिशवी घडी करून हातात. त्या दिवशी इसवण म्हणजे सुरमई होती, म्हणून गर्दी जास्त.

वत्सलाकाकींनी मासा बघितला नाही, थेट सत्यवतीकडे बघितलं. "गुडघे कसे आसत?"

"बरे आसत, काकी."

"आणि डबो? मास्तरांक सांगलंस डबो मिळता म्हणान. तो आणूक नव्या बँकेत चडलंस कशी गो?"

"नव्या बँकेक पायरी नाय, काकी," कोणीतरी मागून म्हणालं आणि बायका फिसकल्या.

"माका तर भटान आकडो बदलूक सांगलो म्हणालंस," शीतल म्हणाली.

"आमच्याकडे मांजर," आणखी एक.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गणितातली चूक दिसली की ते असंच करायचे. "सत्यवती, पाच जणांना पाच उत्तरं. एकतरी बरोबर असेल ना?"

सत्यवतीच्या हातात कोयता होता आणि पाटावर अर्धी कापलेली इसवण. तिने कोयता खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. आणि मग तिला दुसरा आवाज येत नसल्यामुळे, ज्या आवाजात ती बांगडे सांगते त्याच आवाजात तिने सांगितलं. पलीकडच्या दुकानातला न्हावीसुद्धा वस्तरा धरून बाहेर आला.

"एकूय बरोबर नाय! माका रीण आसा. तीन जाग्यार. खोली बांधली तेचा. मोठी बँक, पतसंस्था आणि ही स्कूटर. आता तिघांक मिळान एकच हप्तो बसवून दिलो हा, साडेसात हजार, बुधवारी सकाळी. तो चुकलो तर सगळां मोडता. जुन्या बँकेत पैसे पडले तर ती खाता, म्हणान नवी काडली. तुमी धाडतात ते अजून थंयच जातत. जमीन इकूक नाय! इकूक जमीन आसा खंय? संडास आसा, तो व्हयो तर न्हेया!"

पिंपळावर एक कावळा होता, तो इसवणीकडे बघत एक फांदी खाली उतरला.

पहिल्या वत्सलाकाकी बोलल्या. "इतक्याच?" त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन कोटी गेले ते जणू त्यांच्याच पदरातून. "आमी म्हटला, जमीन."

"तुमीच म्हटला, काकी," शीतल म्हणाली.

"मी? मी कोणाक सांगूक गेलंय नाय."

तेवढ्यात मागून एका बाईने ती गोष्ट विचारलीच, जिची सत्यवतीला सात वर्षं धास्ती होती. "मगे आज बांगडे स्वस्त देतलंस?"

"आज महाग!" सत्यवती ओरडली. "रीण आसा म्हणान सांगतंय ना! शंभराक पाच!"

आधी न्हावी हसला. मग सगळे. आणि ती मागची बाईच पुढे येऊन पाच बांगडे घेऊन गेली, वर मोठे बघून घेतले.

बाकीचं काम मास्तरांनी हातात घेतलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, त्याला पिंपळाखालची वीस डोकी म्हणजे काय! "ओळीनं या. फोन बाहेर काढा. चष्मे असतील ते घाला. आधी जुनं नाव काढायचं, मग नवी पाटी टिपायची. शेजारणीचं बघून करू नका, तिचंही चुकलेलं असेल." प्रत्येक फोन त्यांनी स्वतः तपासला. सगळ्यात शेवटी स्वतःचा काढला, बाराशे धाडले आणि डबीकडे कान लावून उभे राहिले. डबी गप्प.

"मास्तर," शीतलने हळूच सांगितलं, "तुमचेच जुन्या खात्यात गेले."

मास्तरांनी फोन उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी खिशातून खऱ्याखुऱ्या नोटा काढल्या, सहा दोनशेच्या, आणि सत्यवतीच्या हातात ठेवल्या. "हे बाराशे. आणि ते जे गेले ते माझ्या चुकीचे. ते पुढच्या महिन्याच्या माशांत धर." एवढं बोलून ते इसवण न घेताच घरी गेले. सत्यवतीने दोन तुकडे शीतलच्या हाती त्यांच्याकडे पाठवले.

शीतलने साडेआठशे तिथेच दिले. वत्सलाकाकींनी सगळी बाकी चुकती केली, पण आधी सहा बांगड्यांच्या भावात आठ घेतले होते ते दोन परत करायचं नाव काढलं नाही. डबी बोलत सुटली. "दोनशे चाळीस रुपये मिळाले. ऐंशी रुपये मिळाले. पाचशे दहा रुपये मिळाले." एका बाईला तो आवाज इतका आवडला की तिने दहा दहा रुपये करून पन्नास दिले.

रविवारचे सगळे धरून, खात्यातले आणि हातातल्या नोटा मिळून, सात हजार झाले. सोमवारी उपास. मंगळवारी सत्यवती पहाटे किनाऱ्यावर गेली तर रापणीला नुसते तारले आले होते, सगळ्यात स्वस्त मासा. तिने दोन पेट्या तारले घेतले आणि कोरगावापर्यंत गेली, जिथे ती कधी जात नसे. दोन वाजता पेटी रिकामी झाली. ओंकारकडे नोटा भरल्या. सात हजार सातशे बारा.

"वरचे दोनशे बारा परत नेतंस?" ओंकारने विचारलं.

"रवांदे. एकट्या पैशांक करमाचा नाय."

बुधवारी दहा तारीख. सत्यवती माशांची फेरी सोडून नऊ वाजता बँकेच्या दारात उभी. पेटीत बर्फावर बांगडे तसेच, दत्ताराम स्कूटरपाशी राखण. बँक उघडली. ओंकारने पासबुक यंत्रात घातलं. यंत्राने कुरकुर केली, थांबलं, पुन्हा कुरकुर केली. सत्यवतीचे दोन्ही हात काचेवर. मागे पाच-सहा माणसं रांगेत.

ओंकारने वाचलं, "वजा साडेसात हजार. शिल्लक दोनशे बारा."

"वजा म्हणजे गेले?"

"गेले."

"तिघांकय?"

"ता गौरवी मॅडम बघतली. हडेसून गेले."

सत्यवतीने पासबुक छातीशी धरलं आणि वळली. रांगेत पहिला उभा असलेला म्हातारा सगळं ऐकत होता. त्याने खेदाने मान हलवली. "किती गेले गो बाय?"

"साडेसात हजार!" सत्यवतीने सांगितलं. ती इतकी हसत होती की कुंकू कपाळावर आणखी रुंद दिसत होतं.

"अरेरे!"

"अरेरे कित्याक, आजोबा? आता पंचेचाळीसच रवले!" आणि ती दारातूनच दत्तारामाला ओरडली, "चला, बर्फ इरघळता!"